डेड कोड: 'राहू दे ना, कुठे काय बिघडतंय'

डेड कोड, म्हणजे वापरात नसलेला जुना कोड, काढायचा विषय निघाला की टीममधलं कुणीतरी 'राहू दे ना' म्हणणारच, आणि मला ते कधीच पटत नाही. असा कोड गप पडून असतो असं वाटतं, पण तो बाकीच्या कोडबरोबर बिल्ड होतो, प्रॉडक्शनला (खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर) जातो, आणि कधीतरी कुणाचा तरी धक्का लागून चालू होतो.

नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग करणाऱ्या अमेरिकन कंपनीचंच बघा ना. 'पॉवर पेग' नावाचं एक फीचर त्यांनी २००३ पासून वापरणं बंद केलेलं, पण कोड तसाच सर्व्हरवर. ऑर्डर पूर्ण झाली की थांब असं सांगणारा भाग २००५ मध्ये दुसरीकडे हलवला, त्यानंतर पॉवर पेग नीट चालतंय का हे कुणी तपासलंच नाही, कशाला तपासतील, वापरतंय कोण! मग २०१२ मध्ये नवीन फीचरसाठी पॉवर पेगचाच जुना फ्लॅग (फीचर चालू करायची खूण) परत वापरला. आठ सर्व्हरपैकी एकावर नवीन कोड टाकायचा राहिला आणि १ ऑगस्टला सकाळी बाजार उघडल्यावर त्या एकावर पॉवर पेग जागं झालं, ऑर्डरी सुटत राहिल्या. गोंधळात बाकीच्या सात सर्व्हरवरचा नवीन कोड मागे घेतला, म्हणजे तिथेही जुनाच चालू! साधारण ४५ मिनिटं, ४६ कोटी डॉलरच्या वर नुकसान.

आता काढायचं कसं. नावाने सर्च मारून काही सापडलं नाही म्हणजे वापर नाही असं नसतं, कारण नाव स्ट्रिंग जोडून तयार होत असेल, कॉन्फिग फाईलमध्ये असेल, क्रॉन जॉबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात) असेल, किंवा बाहेरचं कुणी एपीआयमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधून, तो कोड वापरत असेल. त्यामुळे संशय असेल तिथे आधी एक लॉगची ओळ टाकायची आणि वाट बघायची, आणि हो, वर्षाअखेरचे रिपोर्ट वर्षातून एकदाच चालतात हे लक्षात ठेवून वाट बघायची. आणखी एक गंमत म्हणजे टेस्ट. ज्या फंक्शनला फक्त त्याची टेस्टच कॉल करते तेही कव्हरेजमध्ये (टेस्टनी कुठला कोड चालवला त्या रिपोर्टमध्ये) मस्त हिरवं दिसतं, वापरात असल्यासारखं.

जुना कोड न काढता नुसता कमेंट करून (चालणार नाही असा करून) फाईलमध्येच ठेवणं तर मला सगळ्यात वाईट वाटतं. कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं गिट आहे की, हिस्टरीत सगळं मिळतं. फक्त डिलीटचा कमिट (गिटमधली बदलाची नोंद) वेगळा ठेवा, त्यात रिफॅक्टरिंग (कोडची नुसती फेरमांडणी) घुसडू नका, म्हणजे काही फुटलंच तर एका रिव्हर्टमध्ये, म्हणजे तो कमिट उलटवून, परत येतं.

डेटाबेसचा कॉलम मात्र असा रिव्हर्ट होत नाही, ड्रॉप केला की आतला डेटा गेला. म्हणून आधी कोडमधून त्याचं वाचणं-लिहिणं काढायचं, ते सगळ्या सर्व्हरवर पोचू द्यायचं, आणि कॉलमला हात लावायचा तो एक-दोन रिलीज गेल्यावरच, तोही बॅकअप घेऊन.