समरहिल मॉड्यूल : आता देवदारांची पाळी

मॉडेल रेल्वेसाठी शिमल्याजवळच्या समरहिलच्या देखाव्याचा एक सुटा, जोडता येणारा तुकडा (मॉड्यूल) करतो आहे. त्यातले रूळ, डोंगराचं कटिंग आणि दगडी संरक्षक भिंत पूर्ण झाली, आता झाडं. कालका-शिमला मार्गावर धरमपूर-बरोगच्या पट्ट्यात चीड (लांब सुयांचा पाइन) दिसतो. वर तारादेवीपासून समरहिल-शिमल्यापर्यंत राज्य देवदाराचं. माथेरानच्या मॉड्यूलसाठी केलेली जांभळं-अंजनी इथे कुठेच खपणार नाहीत.

स्केल 1:87, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या 87 पट लहान. दोन रुळांमधलं अंतर (गेज) मॉडेलवर 9 मिमी, खरं 762 मिमी. जुना देवदार 40 मीटर सहज गाठतो, म्हणजे मॉडेलवर 46 सेंमी. पुढच्या रांगेला 40 सेंमी धरलेत, मागच्या उतारावर 25 आणि बॅकड्रॉपला (मागच्या रंगवलेल्या पडद्याला) लागून 15. तयार मिळणारी 10-12 सेंमीची झाडं म्हणजे खरी जेमतेम 10 मीटरची. ती फक्त मागच्या रांगेत.

खोडासाठी 12 मिमी चौरस बाल्सा (अगदी हलकं, मऊ लाकूड) घेतला, म्हणजे बुंध्याशी साधारण एक मीटर व्यास. आधी चारही कडा तासून अष्टकोन करायचा, मग वर निमुळतं करत न्यायचं आणि 80 नंबरच्या पॉलिश पेपरने गोल करायचं. शेंड्याचा 5 सेंमीचा भाग बाल्सात ठेवला तर फांद्या ओवताना हमखास मोडतो. तिथे अगरबत्तीची कोरी काडी बसवावी. सालीसाठी हॅकसॉच्या पात्याचे दात खोडावर उभे ओढायचे, हात किंचित हलता ठेवून. सरळ रेषा आल्या की ते खोड न वाटता रंधा मारलेली फळी वाटते. रंग पाण्यातला नको: बाल्सा पाणी पितो, तंतू फुगून बारीक भेगा बुजतात आणि निमुळता भाग वाकतो. 100 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काळ्या शाईचे 8-10 थेंब पुरतात. वरून राखाडी रंगाचा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश नुसता उंचवट्यांवरून फिरवायचा. चॉकलेटी खोड हा नेहमीचा घोटाळा. जुन्या देवदाराची साल राखाडीकडे झुकणारी असते.

खरा प्रश्न पानांचा, आणि साहित्य ठरवायचं ते पानाच्या लांबीवरून. देवदाराची सुई 2.5 ते 5 सेंमी, स्केलवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. इथे 2 मिमी स्टॅटिक ग्रास (मॉडेलवर गवतासाठी वापरतात ते बारीक कृत्रिम तंतू) लावलं की झाड बाटली धुवायचा ब्रश होतं. त्याला बारीक फोमची पूडच हवी. चीडाची सुई 20-30 सेंमी, म्हणजे 2.3 ते 3.5 मिमी, तिथे तेच स्टॅटिक ग्रास अगदी चपखल.

देवदाराच्या फांद्या आडव्या थरांत पसरतात, म्हणून भांडी घासायची हिरवी घासणी उपयोगी पडते. ती सोलून साधारण 2 मिमीचे थर काढायचे. घासणीत खरखरीत कण असतात, कात्रीची धार जाते. जुनी कात्री वापरा आणि तोंडाला मास्क लावा. मूळ हिरवा रंग फोममधून डोकावतो, त्यामुळे आधी मॅट करडा-तपकिरी स्प्रे मारून घ्या. खाली 10 सेंमी, शेंड्याला दीड सेंमी अशा चकत्या लागतात. चकती गोल ठेवायची नाही: चार-सहा कमीजास्त लांबीचे हात कापून कडा विस्कटायच्या, टोकं बोटाने किंचित खाली वाकवायची. मधे दाभणाने भोक पाडून मोठ्या चकतीपासून ओवत जायचं, प्रत्येक थर थोडा फिरवून, फेविकॉलच्या थेंबावर. खाली 12 मिमी अंतर, वर 5. 40 सेंमीच्या झाडाला 30-35 थर होतात. बुंध्याचा खालचा तिसरा हिस्सा उघडा सोडा, फक्त दोन-चार तुटके खुंट लावा. दाट रानात खालच्या फांद्या उन्हाअभावी वाळतात. दोन-तीन झाडांचे शेंडे छाटून सपाट केले आहेत, म्हातारा देवदार तसाच असतो.

गादीचा फोम पाणी आणि ॲक्रिलिक रंगासोबत जुन्या मिक्सरमध्ये फिरवून, वाळवून मैद्याच्या चाळणीने चाळला. (ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नको.) रंग गडद हिरव्यात थोडा निळा आणि राखाडी घालून. वाळल्यावर तो आणखी गडद होतो, तेव्हा ओला असताना फिकाच ठेवा. पूड फक्त वरून भुरभुरायची, झाड उभं धरून. आडवं करून फिरवलं की थरांची खालची बाजूही भरते आणि फांद्यांमधला उजेड संपतो. सगळ्यात जास्त झाडं बिघडतात ती इथेच. चिकटवायला हेअरस्प्रे चालतो, पण कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात तो चिकचिकत राहतो आणि धूळ धरतो. त्याऐवजी एक भाग फेविकॉल, चार भाग पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, बारीक फवाऱ्याने.

बुंध्यात 2 मिमीची तार 25 मिमी बाहेर ठेवून बसवली. थर्मोकोलच्या डोंगरात बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा तुकडा पुरला की झाड उपसता येतं. रूळ पुसायला हे लागतंच. मुळांचे फुगवटे एम-सीलचे. उतार कितीही असो, खोड ओळंब्यात हवं.

सध्या पुढच्या रांगेतले सगळे उभे आहेत, मधल्या रांगेच्या खोडांना रंग झाला आहे. वळणाच्या आतल्या बाजूचे दोन अजून सैलच ठेवलेत: सगळ्यात लांब डबा हाताने ढकलून पाहिला तर मधला भाग फांदीला घासतो. तिथे खालचे तीन थर काढावे लागतील.