तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांसाठी कुठलं घड्याळ घेऊ?

अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेले रुग्ण आमच्याकडे फिजिओथेरपीला येतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मुलगा किंवा सून हमखास विचारते, "मॅडम, यांच्यासाठी पावलं आणि हृदयाचे ठोके मोजणारं कुठलं घड्याळ घेऊ?" खरं तर त्यांना विचारायचं असतं, की घड्याळ बांधल्यानं माणूस चालायला लागतो का?

लागतो, पण नुसत्या मोजण्यानं नाही. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉ. सेथ मार्टिन आणि सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ओपीडीत येणाऱ्या ४८ जणांना पावलं मोजणारं यंत्र दिलं होतं. काहींना आकडे दिसत होते, काहींना नाही. नुसते आकडे दिसल्यानं म्हणावा तसा फरक पडला नाही. मग आकडे दिसणाऱ्यांपैकी काहींना दिवसातून तीन मेसेज जाऊ लागले, प्रत्येकाच्या नावानिशी आणि तो त्या दिवशी किती चालला ते पाहून. मेसेज न मिळणाऱ्यांपेक्षा ही मंडळी रोज सुमारे २,५०० पावलं जास्त चालली. अभ्यास पाचच आठवड्यांचा होता, पण रोज रुग्णांसोबत असल्यामुळे मला तो पटतो. सिडनीत हृदयरुग्णांना सहा महिने आठवड्याला चार साधे एसएमएस पाठवले, तेव्हाही व्यायाम वाढला आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल उतरलं. त्यासाठी घड्याळसुद्धा लागलं नाही.

म्हणून मी घरच्यांना सांगते, घड्याळ घ्या, पण त्यातला आकडा रोज कुणीतरी बघायला हवा. माझ्याकडे येणारे एक निवृत्त एसटी चालक आहेत. घड्याळ मनगटावर थरथरलं तर ते काढून टेबलावर ठेवायचे. आता नाशिकची मुलगी ॲपवर त्यांची पावलं बघते आणि संध्याकाळी लिहिते, "बाबा, आज कोपऱ्यापर्यंतसुद्धा गेला नाहीत?" की काका चपला घालतात. चालता चालता तिला व्हॉइस नोट पाठवतात, भाजीचे भाव, कोण भेटलं, सगळं. त्या नोटमध्ये धाप ऐकू आली की ती मला कळवते.

घड्याळ दाखवतं त्या हृदयाच्या ठोक्यांपेक्षा माझा त्या धापेवर जास्त विश्वास आहे. बहुतेक घड्याळं २२० मधून वय वजा करून ठोक्यांची कमाल मर्यादा धरतात आणि त्यावरून व्यायामाची पातळी ठरवतात. हार्ट अटॅकनंतर अनेकांना बीटा ब्लॉकर चालू असतात आणि या गोळ्या ठोके फारसे वाढू देत नाहीत. माणूस दमलेला असतो आणि घड्याळ सांगतं, अजून जोर लावा. हे धोक्याचं आहे. त्यापेक्षा चालताना अभंग म्हणून बघा. चालीत सहज म्हणता आला तर वेग थोडा वाढवायला हरकत नाही. गाता येत नाही पण बोलता येतंय, हा वेग बरोबर. वाक्य तुटायला लागलं तर हळू व्हा. आठवड्याला अशी १५० मिनिटं व्हावीत, पण तिथवर हळूहळू आणि डॉक्टरांना विचारून जायचं.

आणि १०,००० पावलांचं दडपण कृपा करून घेऊ नका. तो आकडा १९६५ साली जपानात पाऊलमापक यंत्र विकताना रूढ झाला. ७२ वर्षं सरासरी वयाच्या अमेरिकन स्त्रियांच्या २०१९च्या अभ्यासात, रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि ७,५००च्या पुढे फारसा फरक दिसला नाही. सत्तरीतल्या माणसाला ४,४०० म्हटलं की त्याचा चेहरा खुलतो, हे मी रोज बघते.

कंपनी कुठलीही चालेल. आकडे मोठे दिसावेत आणि पट्टा नीट बसावा. मागचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्तावरून ठोके मोजतो, त्यामुळे पट्टा सैल असेल तर ठोके चुकतात. चालताना हात काठीवर किंवा कठड्यावर असेल तर पावलंही कमी भरतात, तेवढ्यावरून आजोबांना रागावू नका.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. काही घड्याळं ईसीजी काढतात, त्यात ठोक्यांची अनियमितता कळू शकते, हार्ट अटॅक कळत नाही. छातीवर दडपण आलं, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर घड्याळ 'नॉर्मल' म्हणत असलं तरी वाट बघू नका. लगेच १०८ला फोन लावा.