नळीतलं १५८७

सकाळी साडेदहाच्या सुमारास प्रयोगशाळेतल्या कॅल्क्युलेटरवर १५८७.५१ हा आकडा आला आणि टेबलाभोवती एकदम शांतता झाली. नॉर्थ कॅरोलायनाच्या किनारपट्टीत पुरातत्त्वाचं काम करणाऱ्याला १५८७ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

त्या वर्षीच्या जुलैत वॉल्टर रॅलेच्या सनदेवर जॉन व्हाइट सुमारे ११५ इंग्रज बायका-पुरुष-मुलांना घेऊन इथल्या रोनोक बेटावर वसाहत करायला उतरला. १८ ऑगस्टला त्याची नात व्हर्जिनिया डेअर तिथे जन्मली आणि २७ तारखेला तो रसद आणायला इंग्लंडला निघाला. मधेच स्पेनच्या आरमाराचं संकट आलं, जहाजं अडकली, आणि तो परतला थेट १८ ऑगस्ट १५९० ला, नातीच्या तिसऱ्या वाढदिवशी. बेटावर माणूस एकही नव्हता, घरं उतरवून नेलेली होती. झाडावर ‘क्रो’ आणि लाकडी तटाच्या खांबावर ‘क्रोएटोअन’ एवढंच कोरलेलं. संकटात असलो तर वर क्रूस कोरू असं ठरलं होतं; तो क्रूस कुठेच नव्हता. क्रोएटोअन म्हणजे दक्षिणेचं आजचं हॅटेरस, त्यांचा स्थानिक मूलनिवासी मित्र मँटिओ याच्या माणसांचं बेट. वादळात नांगर गेले आणि व्हाइटला तिथवर पोचताच आलं नाही. तेव्हापासून त्या माणसांचा शोध चालूच आहे.

आमच्यासमोरची पिशवी अल्बेमार्ल साउंड या खाडीच्या काठच्या एका शेतातून आली होती. नांगरटीच्या वरच्या २५ सेंटिमीटर थरातली माती पाव इंची जाळीच्या चाळणीतून काढलेली. त्यात इंग्रजी म्हणाव्यात अशा वस्तू दोनच: हिरव्या झिलईचं नखाएवढं खापर, आणि पांढऱ्या मातीच्या तंबाखूच्या पाइपची चार सेंटिमीटर नळी.

नळीच्या भोकावरून काळ काढण्याची रीत पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांची, १९५४ची. गंमत अशी की रोनोकवरच्या फोर्ट रॅलेचं उत्खनन करणारेही हेच. पाइप जसजसे लांब होत गेले तसतसं भोक अरुंद होत गेलं, हे त्यांनी शेकडो तुकडे मोजून दाखवलं. १६२० ते १६५० मध्ये ८/६४ इंच भोकाचे तुकडे सर्वात जास्त, पुढच्या तीस वर्षांत ७/६४, असं उतरत १७५० नंतर ४/६४. मोजायचं साधन म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातले ड्रिल बिट. बिटची पेचदार बाजू घालायची नाही, तिनं भोक खरवडतं. मागचा गुळगुळीत दांडा घालायचा. जो दांडा जोर न लावता आत जातो आणि डुगडुगत नाही, तो आकडा. १९६२ मध्ये लुइस बिनफर्ड यांनी याचं सूत्र केलं: सरासरी भोक चौसष्टांश इंचांत घ्या, ३८.२६ नं गुणा, १९३१.८५ मधून वजा करा.

आमच्या नळीत ९ चा, म्हणजे ९/६४ इंचाचा, दांडा बसला. ९ गुणिले ३८.२६ म्हणजे ३४४.३४. उरले १५८७.५१.

हे सूत्र किती लबाड ठरू शकतं याचा याहून चांगला नमुना शोधून सापडणार नाही. एक तर ते सरासरीचं सूत्र आहे, त्याला तुकड्यांचा ढीग लागतो; एका नळीवर चालवणं म्हणजे एका माणसाची उंची मोजून गावाची सांगणं. दुसरं, हॅरिंग्टनच्या तक्त्याची सुरुवातच १६२० पासून होते. त्याआधीचं वर्ष निघालं तर ती रेषा कागदाबाहेर ओढलेली असते. आणि ९ चे तुकडे १६२० ते १६५० मध्येही सापडतात, फक्त कमी.

तिसरी चूक आमचीच होती. दहापट भिंगाखाली पाहिलं तर मोजलेल्या टोकाचा आतला काठ टवका उडून रुंदावला होता आणि भोक अंडाकृती दिसत होतं. दुसऱ्या टोकात वाळू घट्ट बसलेली. ती बांबूच्या काडीनं ओली करून काढली (धातूची सुई नको, मऊ माती खरवडली जाते) आणि पुन्हा मोजलं. ८ चा दांडा शिरेना. ७ चा बसला. सूत्रात घातलं तर १६६४. हाही एकाच तुकड्याचा आकडा, त्यावरही भिस्त ठेवायची नाही. पण १५८७ चा आधार गेला.

मग सगळे खापराकडे वळले. फिकट पिवळसर-पांढरी माती, बारीक कण, वर शिशाची हिरवी झिलई: ‘बॉर्डर वेअर’, म्हणजे इंग्लंडमधल्या सरे आणि हँपशर यांच्या सीमेवर भाजलेली भांडी. हे नाव रोनोकच्या शोधात फार वजनदार आहे. व्हाइटनं रंगवलेला नकाशा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २०१२ मध्ये त्यावरच्या एका कागदी ठिगळाखाली प्रकाश टाकला तेव्हा किल्ल्यासारखी खूण दिसली. ती जागा बर्टी काउंटीत सॅमन क्रीकच्या तोंडाशी पडते. तिथे खणल्यावर बॉर्डर वेअर मिळालं आणि काही वसाहतकरी तिकडे गेले असावेत असा दावा झाला. अडचण एवढीच की ही भांडी साधारण १५५० ते १७०० पर्यंत बनत होती, आणि १६५० नंतर व्हर्जिनियातून उतरलेले इंग्रज याच नदीकाठांवर वस्तीला आले. ११५ माणसांची तीनेक वर्षं आणि नंतरच्यांची पन्नास वर्षं, दोन्ही एकाच नांगरटीत कालवलेली.

म्हणून अशा जागी काय सापडलं यापेक्षा काय सापडलं नाही हे आधी पाहावं लागतं. सतराव्या शतकाच्या मध्यावरच्या इंग्रज घराभोवती पाइपच्या नळ्यांचा नुसता कचरा असतो. बॉर्डर वेअर आहे आणि नळी एकही नाही, तर लवकरच्या काळाचा विचार करता येतो. आमच्या पिशवीत खापराशेजारी नळी होती. तिनंच खापरालाही पुढे ओढलं.

महाराष्ट्रात इनामगावसारख्या पांढरीच्या टेकाडावर शिकलेल्या माणसाला इथली माती फार कंजूष वाटते. तिथे थरावर थर, राख, हाडं, चुली. इथे वाळू; मातीतल्या आम्लामुळे हाडं विरघळून गेलेली. नांगराच्या खाली अखंड राहिलेला खड्डा किंवा खांबाच्या कुजलेल्या बुडाचा काळा गोल डाग मिळाला तरच काही ठाम बोलता येतं.

दुपारी हॅटेरसच्या अंगठीचा विषय निघालाच. १९९८ मध्ये पुरातत्त्वज्ञ डेव्हिड फेल्प्स यांच्या तुकडीला तिथे मुद्रेची अंगठी मिळाली. सोन्याची मानली गेली आणि तिचं नातं केंडल घराण्याशी जोडलं, कारण रोनोकवरच्या १५८५ च्या पहिल्या वसाहतीत एक केंडल होता. २०१७ मध्ये तिच्यावर क्ष-किरण प्रतिदीप्ती चाचणी झाली. या चाचणीत प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ऊर्जेला शिखर दाखवतं: तांबं ८.०५ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टला, जस्त ८.६४ ला, सोनं ९.७१ ला. निघालं पितळ. व्यापारात हातोहात फिरणारी वस्तू, कुणाच्याही बोटातून कुणाकडेही जाणारी. चाचणी काही मिनिटांची आणि तिला वस्तूचा कणही काढावा लागत नाही, तरी मधे एकोणीस वर्षं गेली. मला यात सगळ्यात खटकतं ते हेच.

चार वाजता नोंदी केल्या. खापर: बॉर्डर वेअर, १५५० ते १७००. नळी: एका टोकाला ७/६४, दुसरं टोक फुटकं, मोजमाप धरू नये. अनुक्रमांकासाठी आधी पॅरालॉइड या पारदर्शक राळेचा पातळ थर, तो वाळल्यावर वर शाई, म्हणजे पुढे ॲसिटोननं पुसता येते. काळाच्या रकान्यात नळीपुढे काही लिहिलं नाही. शेतमालकांना दुसऱ्या दिवशी फोन करायचा ठरला, आणि नांगरटीखाली एक मीटर चौकोन उघडायची परवानगी मागायची.