गेज शून्याखाली गेला म्हणून लगेच गॅस मारू नका

भांडुपच्या घरात कॉम्प्युटरच्या प्रोसेसरसाठी मी एक छोटा फ्रीज जोडलाय. वॉटर डिस्पेन्सरचा जुना कॉम्प्रेसर, कॅपिलरी (गॅसचा दाब पाडणारी बारीक नळी), आणि प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा पोकळ ठोकळा हा इव्हॅपोरेटर, म्हणजे थंड होणारा भाग. गॅस आर-१३४ए. उन्हाळ्यात सक्शनला (गॅस कॉम्प्रेसरकडे परततो त्या बाजूला) गेजवर ५ पीएसआयच्या आसपास, म्हणजे आत साधारण उणे २० अंश.

जुलैत कॅपिलरी बदलली आणि नखरे सुरू झाले. चालू केलं की छान बर्फ धरतो. अर्ध्या तासात काटा शून्याखाली, उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर नुसता कोमट, प्रोसेसर तापलेला. बंद करून जेवून या, परत सगळं सुरळीत.

ओळखीचा एसीवाला गेज बघून म्हणाला, "दादा, गॅस कमी आहे. मारू थोडा?"

पण कमी असलेला गॅस पहिल्या मिनिटापासून कमीच असतो, जेवणाच्या सुट्टीत वाढत नाही. कचऱ्याने चोक झालं तर तेही आपोआप सुटत नाही. थांबल्यावर सुटतो तो बर्फ. म्हणून काटा खाली असतानाच, कॅपिलरी ठोकळ्यात शिरते तो सांधा गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकला. काटा टुणकन वर! कॅपिलरीचं भोक जेमतेम मिलिमीटरभर; आत फिरणारं थेंबभर पाणी नेमकं त्या तोंडाशी गोठत होतं.

आर-१३४एसोबत कॉम्प्रेसरमध्ये चालणारं पीओई नावाचं सिंथेटिक तेल हवेतला ओलावा शोषतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ओलाव्याला काय तोटा? गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढून घेतला, तेल नवं, गॅसमधला ओलावा शोषणारा ड्रायरही नवा. ड्रायर सीलबंदच घ्या आणि बाकी सगळी जुळणी झाल्यावरच त्याची टोपणं काढा. दुकानात उघड्या खोक्यात पडलेला ड्रायर आधीच पाणी पिऊन बसलेला असतो.

मग नायट्रोजनने गळती तपासून रात्रभर व्हॅक्यूम. ३० अंशांना पाणी उकळायला सुमारे ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब लागतो. ५०० मायक्रॉनचा व्हॅक्यूम म्हणजे अर्धा मिलिमीटर, त्यामुळे तिथे पाण्याची वाफच होते. पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून मायक्रॉन गेजवर लक्ष ठेवा. आकडा थोडा चढून थांबला तर आत अजून ओल आहे, चढतच राहिला तर गळती. माझा जवळपास जागेवरच राहिला, तेव्हाच गॅस भरला.

आता काटा ५ वरून हलत नाही. बाहेरच्या पाण्याचा बंदोबस्त मात्र बाकी आहे: या दिवसांत मुंबईचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं) २५ अंशांच्या घरात, त्यामुळे ठोकळ्यावरच्या नायट्रिल फोमच्या एका सांध्यातून मदरबोर्डवर ठिबकतंय. तो चिकटवेपर्यंत मशीन बंद.