परदेशातील खरेदीवरचा कर परत मिळवताना

परदेशात एखाद्या दुकानाच्या काचेवर ‘टॅक्स फ्री’ अशी पाटी दिसली, की बहुतेक प्रवासी ती दुकानदाराने देऊ केलेली सूट समजतात. माझ्या मते, परताव्याच्या बाबतीत पुढे होणारे निम्मे घोटाळे याच समजुतीतून सुरू होतात. प्रत्यक्षात ती पाटी म्हणजे किमतीत भरलेला मूल्यवर्धित कर (व्हॅट) देश सोडताना परत मिळवण्याची सोय असते. हा उपभोगावरचा कर आहे आणि वस्तू ज्या देशात वापरली जाणार, त्या देशाने तो घ्यावा हे त्याचे मूळ तत्त्व आहे. फ्रेंच कर-अधिकारी मॉरिस लोरे यांच्या कल्पनेतून 1954 मध्ये फ्रान्समध्ये हा कर आला आणि पुढे जगभर स्वीकारला गेला, तेव्हा निर्यात होणाऱ्या मालावर तो लावायचा नाही हा नियमही त्याच्यासोबत सगळीकडे पोहोचला. कारखानदार जहाज भरून माल बाहेर पाठवतो तशीच प्रवाशाच्या बॅगेतून बाहेर जाणारी चामड्याची पर्स हीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने निर्यातच असते. ही गोष्ट एकदा मनात पक्की बसली, की वरवर त्रासदायक वाटणारे बरेचसे नियम आपोआप उलगडत जातात.

हॉटेलचे भाडे, रेस्टॉरंटमधील जेवण किंवा संग्रहालयाचे तिकीट यांवरचा कर सहसा परत मिळत नाही, कारण त्यांचा उपभोग तिथेच घेऊन झालेला असतो. परतावा मागणाऱ्याचे कायमचे वास्तव्य सहसा त्या देशाबाहेर, आणि युरोपीय संघाच्या बाबतीत संपूर्ण संघाबाहेर, असावे लागते. त्यामुळे जर्मनीत निवासाचा परवाना घेऊन शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या परदेशी व्यक्तीला, पासपोर्ट कोणत्याही देशाचा असला तरी, पर्यटक म्हणून हा परतावा मागता येत नाही. वस्तू बाहेर नेण्याला मुदतही असते. युरोपीय संघात खरेदीचा महिना सोडून पुढचे तीन महिने संपण्यापूर्वी ती संघाबाहेर गेली पाहिजे, म्हणजे एप्रिलमधील खरेदी जुलैअखेरपर्यंत बाहेर पडली पाहिजे.

किमान खरेदीची रक्कम मात्र प्रत्येक देशाने आपापल्या सोयीने ठरवली आहे. युरोपीय संघाच्या नियमांत 175 युरो ही वरची मर्यादा असून सदस्य देश तीहून कमी रक्कम ठेवू शकतात. त्यानुसार फ्रान्समध्ये बिल 100 युरोंच्या आणि जर्मनीत 50 युरोंच्या वर जावे लागते. इटलीने 2024 च्या फेब्रुवारीत ही मर्यादा 154.94 युरोंवरून 70 युरोंवर आणली, तर स्पेनने 2018 मध्ये ती पूर्णपणे काढून टाकली. दुकानात पासपोर्ट दाखवून परताव्याचा फॉर्म त्याच वेळी तयार करून घ्यावा लागतो, आणि त्यावरील नाव व पासपोर्ट क्रमांक तिथल्या तिथे अक्षर न् अक्षर तपासून घ्यावा, कारण चुकीचा क्रमांक विमानतळावर दुरुस्त करून मिळणे जवळजवळ अशक्य असते.

या सगळ्या प्रक्रियेचा प्राण म्हणजे कस्टम्सचा शिक्का, किंवा आजकाल अनेक ठिकाणी त्याच्या जागी आलेली इलेक्ट्रॉनिक नोंद. माल खरोखर देशाबाहेर गेला याचा दुकानदाराकडे आणि सरकारकडे तेवढा एकच पुरावा असतो, त्यामुळे शिक्का नसलेला फॉर्म कितीही व्यवस्थित भरलेला असला तरी त्याला किंमत नसते. फ्रान्समधील विमानतळांवर यासाठी पाब्लो नावाची यंत्रे बसवलेली आहेत. फॉर्मवरचा बारकोड यंत्रासमोर धरला आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली, की काम झाले. लाल खूण आली तर शेजारच्या कस्टम्सच्या खिडकीवर जाऊन फॉर्म, पासपोर्ट, तिकीट आणि खुद्द वस्तू दाखवावी लागते. अशाच एका खिडकीपाशी मी रांगेत उभा असताना अधिकाऱ्याने माझ्या पुढच्या जोडप्याला त्यांनी खरेदी केलेले कोट दाखवायला सांगितले. कोट चेक-इन केलेल्या बॅगेत होते आणि बॅग पट्ट्यावरून केव्हाच आत गेली होती. अधिकाऱ्याने अत्यंत सौजन्याने, पण ठामपणे, फॉर्म त्यांच्या हातात परत ठेवले. त्याच्या जागी मी असतो तरी दुसरे काही करू शकलो नसतो, कारण न पाहिलेल्या मालाची निर्यात झाली असे त्याने कशाच्या आधारावर लिहून द्यायचे?

म्हणून आधी कस्टम्स आणि मग चेक-इन, हा क्रम सहसा मोडू नये. काही विमानतळांवर विमान कंपनीच्या काउंटरवर तसे सांगितले, तर बॅगेला टॅग लावून ती परत हातात देतात आणि कस्टम्सचे काम झाल्यावर ती वेगळ्या ठिकाणी सोपवता येते. प्रवासात मधे विमान बदलायचे असेल तर आणखी एक बारकावा आहे. समजा, रोमहून पॅरिसमार्गे युरोपबाहेर जायचे आहे. हातातल्या बॅगेतील वस्तूंची नोंद पॅरिसला, म्हणजे संघातील शेवटच्या विमानतळावर करायची; पण जी बॅग रोमला सोपवल्यावर थेट शेवटच्या मुक्कामालाच मिळणार आहे, तिच्यातील वस्तूंसाठी रोमलाच कस्टम्सकडे जायचे, कारण पॅरिसला ती बॅग आपल्या हाती येणारच नसते.

रेल्वेने फिरणाऱ्यांची अडचण याहून बिकट आहे आणि तिच्याबद्दल फारसे कोणी सावध करत नाही. मिलानमध्ये खरेदी करून रेल्वेने झुरिकला जाणारा आणि तिथून विमानाने परतणारा प्रवासी स्वाभाविकपणे असे धरून चालतो की, शिक्का झुरिकच्या विमानतळावर मिळेल. पण स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. या प्रवाशाचा माल संघाबाहेर गेला तो गाडीने कियासोजवळ सीमा ओलांडली तेव्हाच, आणि झुरिकचे स्विस अधिकारी इटलीतून झालेल्या निर्यातीची साक्ष देऊ शकत नाहीत. पॅरिसहून युरोस्टारने लंडनला जाणाऱ्याचेही तसेच आहे. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यापासून त्याची नोंद पॅरिसच्या गार दु नोर स्थानकात, गाडीत बसण्यापूर्वीच व्हावी लागते. प्रवासाचा मार्ग ठरवताना संघाची सीमा आपण नेमकी कोणत्या ठिकाणी ओलांडतो हे नकाशावर पाहून ठेवणे, हे मोठी खरेदी करणाऱ्याचे पहिले काम आहे असे मी मानतो.

आता हाती येणाऱ्या रकमेविषयी. फ्रान्समध्ये कराचा दर 20 टक्के आहे, म्हणून 600 युरोंच्या वस्तूवर 120 युरो परत मिळतील असा हिशेब अनेकजण मनात करतात. किमतीत कर आधीच मिळवलेला असतो, त्यामुळे 600 युरोंत मूळ किंमत 500 आणि कर 100 युरो असतो. त्यातूनही परताव्याचे काम पाहणारी मध्यस्थ कंपनी आणि काही वेळा दुकान आपला वाटा काढून घेते, आणि प्रवाशाला साधारणपणे बिलाच्या 12 टक्के, म्हणजे 72 युरोंच्या आसपास रक्कम मिळते. संयुक्त अरब अमिरातीत ही कपात नियमातच उघडपणे लिहिलेली आहे, आणि ते मला अधिक प्रामाणिक वाटते. तिथे 2018 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा भरलेल्या कराच्या 85 टक्के रक्कम मिळत असे आणि प्रत्येक फॉर्ममागे 4.80 दिरहम वजा होत, म्हणून 1,050 दिरहमच्या बिलातील 50 दिरहम करापैकी 37.70 दिरहम हाती पडत. ऑस्ट्रेलियात हे काम सरकार स्वतः करते. एकाच व्यावसायिकाकडून, निघण्याच्या आधीच्या 60 दिवसांत, किमान 300 ऑस्ट्रेलियन डॉलरची खरेदी केलेली असली, तर बिलाला 11 ने भागून येणारा संपूर्ण कर परत मिळतो. परताव्याचे खरे रूप मला या व्यवस्थेत दिसते.

रोख रक्कम घेतल्यास बहुधा वेगळे शुल्क कापले जाते, म्हणून मी कार्डावरच परतावा घेतो. तिथेही रक्कम तुमच्या देशाच्या चलनात जमा करू का, असे विचारले जाते. तो प्रस्ताव नाकारावा, कारण त्यात विनिमयाचा दर परतावा देणारी कंपनीच ठरवते आणि तो क्वचितच आपल्या लाभाचा असतो. शहरातच आगाऊ परतावा देणारी केंद्रेही असतात. ती कार्डाचा तपशील हमी म्हणून ठेवून घेतात आणि ठरलेल्या मुदतीत शिक्का मारलेला फॉर्म पोहोचला नाही, तर दिलेली रक्कम कार्डावरून पुन्हा वसूल करतात.

हा हक्क सर्वत्र गृहीत धरता येत नाही. अमेरिकेत विक्रीकर राज्ये लावतात, देशपातळीवर मूल्यवर्धित करच नाही, त्यामुळे देशभर चालेल अशी परताव्याची व्यवस्थाही नाही. कॅनडाने पर्यटकांसाठीची योजना 2007 मध्ये बंद केली. ग्रेट ब्रिटनने 1 जानेवारी 2021 पासून दुकानातील खरेदीवरचा परतावा थांबवला. 2022 च्या सप्टेंबरमध्ये अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी तो पुन्हा सुरू करण्याची घोषणा केली आणि पुढच्याच महिन्यात त्यांचे उत्तराधिकारी जेरेमी हंट यांनी ती रद्द केली. तरी तिथे दुकानदाराने वस्तू थेट परदेशी पत्त्यावर पाठवली, तर तो कर न लावता विकू शकतो, कारण तेव्हा निर्यातीचा पुरावा त्याच्याच हाती असतो.

जपानने केलेला बदल मला सर्वांत बोलका वाटतो. तिथे करपूर्व किंमत किमान 5,000 येन असली, की पासपोर्ट दाखवून दुकानातच कर न भरता खरेदी करता येत असे. ग्राहकाला हे फार सोयीचे होते, पण करमुक्त घेतलेला माल देशातच विकून नफा मिळवण्याचे प्रकार वाढले. म्हणून 1 नोव्हेंबर 2026 ही तारीख ठरवून पद्धत बदलण्यात आली: आधी करासह पूर्ण किंमत द्यायची, खरेदीपासून 90 दिवसांच्या आत देश सोडताना कस्टम्सची खात्री पटवायची आणि मग रक्कम परत घ्यायची. प्रामाणिक प्रवाशाला यात थोडा जास्त त्रास आहे, तरीही मला हा निर्णय योग्य वाटतो.

निर्यात म्हटली की दुसऱ्या टोकाला आयातही आलीच. एका देशाने कर परत केला याचा अर्थ आपल्या देशात ती वस्तू करमुक्त झाली असा होत नाही, आणि सामानाची ठरलेली मर्यादा ओलांडली असेल तर परतल्यावर ती जाहीर करून शुल्क भरावे लागते. ऑस्ट्रेलियात तर तिथल्या रहिवाशांनाही निघताना परतावा घेता येतो, पण तीच वस्तू ठरलेल्या सवलतीपलीकडे परत आणली तर तो कर पुन्हा भरावा लागतो. म्हणून मूळ बिल आणि शिक्का मारलेल्या फॉर्मचे छायाचित्र मी घरी पोहोचेपर्यंत जपून ठेवतो. आपल्या कस्टम्सने किंमत विचारली तर तीच कागदपत्रे दाखवता येतात, आणि परतावा जमा होण्यास उशीर झाला तर मध्यस्थ कंपनीकडे पाठपुरावा करायलाही त्यांचाच उपयोग होतो.