नोंद १४: शिटी वाजल्यावरही लटकून राहायचं

परवा रात्री साडेनऊला आमचा स्पर्धेचा रोबो २० इंच उंचीवरच्या पाइपला लटकला, मी बॅटरीचा कनेक्टर उपसला आणि आम्ही सगळे श्वास रोखून बघत राहिलो. एक मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली. मग खाली जाऊन वडापाव खाऊन आलो. चाळीस मिनिटांनी चाकाखाली पट्टी धरली तर अंतर जेवढ्यास तेवढं, ११२ मिलिमीटर! वीज गेली तरी लटकून राहायचं, नोंद ११ पासून ज्याच्या मागे होतो ते जमलं, म्हणून लगेच लिहायला बसलोय.

एफटीसी या विद्यार्थ्यांच्या रोबो स्पर्धेचा ‘इन्टू द डीप’ हंगाम कधीच संपला, पण २० आणि ३६ इंच उंचीवरच्या दोन पाइपांचा सांगाडा आम्ही मोडलेला नाही. लटकण्याचं कोडं कुठल्या ना कुठल्या रूपात परत येतंच, आणि खालच्या पाइपचे १५ गुण हातात येऊन निसटले ते अजून सलतंय.

मोटरचं नोंद ९ मध्ये ठरलं होतं, ते बदललेलं नाही. रोबो १३ किलो, दोरी गुंडाळणाऱ्या फिरकीचा व्यास ३८ मिमी, म्हणजे फिरकीवर साधारण २५ किलो-सेंमी टॉर्क (पिळाचा जोर). गोबिल्डाची ११७ आरपीएमची यलो जॅकेट मोटर स्टॉलला, म्हणजे भाराने अडकून थांबते तेव्हा, ६८.४ देते. दोन लावल्या की प्रत्येकीवर १८ टक्क्यांच्या आसपास भार येतो आणि दोरी सेकंदाला १९ सेंमी गोळा व्हायला हवी. प्रत्यक्षात १६ मिळतेय, स्लाइडचं (सरकत्या दांड्याचं) घर्षण असतंच. ३१२ आरपीएमवाल्या लावा असं दोघांनी सुचवलं होतं. त्यांचा स्टॉल २४.३ आहे. दोन मिळून भार निम्म्या स्टॉलवर जातो, आणि सामन्याच्या शेवटी बॅटरी दमलेली असताना मला तो खेळ नको. शिवाय दोन मोटरी अडकल्या तर १८ अँपिअरच्या वर ओढतात आणि आपला फ्यूज २० चा. म्हणून उचलताना चाकांच्या मोटरींना आता पूर्ण सुट्टी आहे.

खरं दुखणं उचलण्याचं नव्हतंच. उचललेलं टिकत नव्हतं.

शिटी वाजली की प्रोग्रॅम थांबतो, मोटरची पॉवर शून्यावर येते आणि रोबो हळूहळू खाली घसरायला लागतो. ब्रेक मोड लावलाय की, मग का घसरतो, यावर आम्ही आठवडाभर कोड उलटापालटा केला. पण दोष कोडचा नाही. ब्रेक मोडमध्ये मोटरची दोन टोकं आपसात जोडली जातात. मोटर फिरली की तिच्यातच वीज तयार होते आणि ती वीज तिला अडवते. म्हणजे अडवण्यासाठी तिला फिरावंच लागतं! पूर्ण थांबली तर विरोधही शून्य. १८ टक्के भार असेल तर ती तिच्या मोकळ्या (भार नसतानाच्या) वेगाच्या साधारण १८ टक्क्यांनी उलटी फिरणार. आमच्या फिरकीवर हिशेब सेकंदाला ४ सेंमीचा येतो. गिअरबॉक्सच्या घर्षणामुळे आम्ही मोजला तो २ च्या आसपास, म्हणजे पाच-सहा सेकंदांत चाकं मॅटवर. हे गणित आधी मांडलं असतं तर तो आठवडा वाचला असता, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मग पर्याय बघितले. २८:१ चा वर्म गिअरबॉक्स धरून ठेवतो, पण ऊर्जेचा मोठा वाटा घर्षणातच जातो. ११५० आरपीएमची मोटर लावून खालच्या पाइपवर चढायला नऊ सेकंद लागले. शेवटच्या ३० सेकंदांतले नऊ मी देणार नाही. लीडस्क्रूचंही बघितलं, म्हणजे लांब आट्यांचा दांडा आणि त्यावर सरकणारा नट. थ्री-डी प्रिंटरवाल्यांकडे सहज मिळतो तो ८ मिमी व्यासाचा, एका फेऱ्यात ८ मिमी सरकणारा. घेण्याआधी नट वर धरून सोडून बघा, बऱ्याचदा आपोआप फिरत खाली येतो. आट्यांचा कोन जवळजवळ २० अंश असल्यावर तो कसला धरणार? २ मिमीवाला घट्ट धरतो, पण ५० सेंमीला २५० फेरे.

शेवटी रॅचेट, म्हणजे एकाच दिशेने फिरू देणारं दातेरी चाक. फिरकीच्याच शाफ्टवर ६० मिमी व्यासाचं २४ दात्यांचं चाक आणि त्यावर खटका. दात्यावर स्थिर भार जेमतेम सव्वाआठ किलो येतो, म्हणून पहिला खटका थ्री-डी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापला. दुसऱ्याच चाचणीत थरांच्या रेषेवर सरळ दुभंगला. एका दात्याचं अंतर दोरीवर ५ मिमी असतं. तेवढं अंतर १३ किलो मोकळे पडून एकदम थांबतात आणि तो झटका स्थिर भारापेक्षा कितीतरी मोठा. आडवा छापलेला दुसरा खटका सहा वेळा टिकला, मग पिनचं भोक लांबट झालं.

भोसरीतल्या ज्या वर्कशॉपमधून आम्ही प्लेटा कापून आणतो, तिथल्या काकांना तुटका तुकडा दाखवला. त्यांनी तो बोटांत फिरवून बघितला आणि म्हणाले, “टोक नुसतं टेकतंय. ते दात्यात ओढलं गेलं पाहिजे. कोन बदल, मग स्प्रिंगवर जोर येणार नाही.” ईएन-८ पोलादाच्या ६ मिमी प्लेटमधून त्यांनी वायरकटवर (तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर) चाक आणि खटका दोन्ही काढून दिले. दात्याची पुढची बाजू आता जराशी आत कललेली आहे, त्यामुळे भार जितका जास्त तितका खटका खोल रुततो. बसताना जो ‘टक्’ आवाज येतो, तो ऐकायला मी उगाचच चार वेळा फिरकी हाताने फिरवली.

रुतलेला खटका मात्र सर्व्होने (खटका उचलणाऱ्या छोट्या मोटरने) सुटेना. सर्व्हो नुसता थरथरायचा. आमच्या प्रोग्रॅमिंगवालीने तीन ओळींत प्रश्न सोडवला. आधी मोटर केसभर पुढे ओढायची, भार मोटरवर घ्यायचा, मग खटका उचलायचा. विहिरीवरच्या रहाटाचा खटका काढतानाही आधी हात पुढेच ओढतात ना, तसंच. वीज बंद असताना उतरवायला दोघांनी रोबो जरा उचलायचा आणि तिसऱ्याने पिन ओढायची.

एक सावधगिरी. एका ऑनलाइन दुकानातून ११७ चं लेबल असलेली मोटर आली आणि उचलताना ती सारखी दमायची. शाफ्ट हाताने एक फेरा फिरवून एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) बघितला तर १४२५ ठोक्यांऐवजी ५३८. आत ३१२ चा गिअरबॉक्स! बदलून मिळाली, पण तीन आठवड्यांनी. नवी मोटर आली की आधी ही मोजणी करा. दोरीसाठी मासेमारीची वेणीची डायनिमा (मजबूत कृत्रिम धाग्याची दोरी) घ्या, फक्त ती गुळगुळीत असते, साधी गाठ सुटते. पालोमार गाठ मारा आणि टोक दोन सेंमी मोकळं सोडा.

पुढचा बेत वरच्या पाइपवरही याच रॅचेटने टिकायचा होता. पण हे लिहिताना वाटतंय, तिथे रॅचेट हवंच कशाला? रोबोच्या अंगावर दोन साधे बिजागरीचे हूक ठेवायचे. वर जाताना पाइप त्यांना मागे ढकलेल, पाइप ओलांडला की ते वजनाने पुढे पडतील, आणि दोरी सैल सोडली की रोबो त्यांच्यावरच बसेल. खालच्या पाइपवरून वरच्या पाइपवर जाताना हूक बदलायलाही हेच लागणार आहे. अडचण एवढीच की पाइपच्या वर निदान दोन सेंमी जादा जावं लागेल, आणि आमची स्लाइड आत्ता बरोबर पाइपपाशीच संपते.

फिरकीची जागा ३० मिमी खाली नेली तर तेवढी जागा निघेल. बॅटरी मागे सरकवावी लागेल, नाहीतर लटकल्यावर नाक खाली जातं. उद्या आधी पुठ्ठ्याचे हूक कापून पाइपवर लावून बघतो.