एमएक्स-५ ला नवे टायर: निवड झाली, बसवले, थोडे चालवलेपण

मागच्या वेळी ब्रेक पॅड आणि फ्लुइडपर्यंत आलो होतो, ह्या वेळी टायर. गाडी तीच, एनडी पिढीची (म्हणजे चौथ्या पिढीची) माझदा एमएक्स-५, मागच्या चाकांवर चालणारी छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार, २.० लिटर, १७ इंची रिम, टायरची साइज २०५/४५ आर१७ (रुंदी २०५ मिमी, साइडवॉलची उंची तिच्या ४५ टक्के). ट्रॅकवर नेत नाही, रोजच्या रस्त्यावर चालते आणि सुट्टीच्या सकाळी वळणावळणाच्या रस्त्यावर, त्यामुळे पुढचं सगळं त्याच हिशोबाने वाचा, स्टॉपवॉच लावून चालवणाऱ्यांचं गणित वेगळं असतं.

जुने टायर लांबून बघितले तर कोणीही म्हटलं असतं की अजून खूप चालतील. गेज लावलं तर मधे ५ मिमीच्या आसपास नक्षी शिल्लक, नवा टायर साधारण ७-८ मिमीचा येतो आणि बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे, म्हणजे कागदावर सगळं ओके. पण साइडवॉलवर डॉट कोडचे, म्हणजे टायर कधी बनला ते सांगणाऱ्या कोडचे, शेवटचे चार आकडे ३५१६, म्हणजे २०१६ चा ३५वा आठवडा. नक्षीच्या खाचा जरा ताणून बघितल्या तर तळाशी केसाएवढ्या बारीक भेगा, आणि नख दाबलं तर रुततच नाही. ड्युरोमीटर, म्हणजे रबराचा कडकपणा मोजायचं यंत्र, मिळाला होता म्हणून लावून बघितला, शोअर ए स्केलवर (आकडा मोठा तेवढं रबर कडक) ८० च्या वर, नवे आल्यावर घरातल्या त्याच खोलीत बसून तेच मोजलं तर ६५ च्या आसपास. हा आकडा तापमानावर खूप हलतो त्यामुळे एकट्या रीडिंगला फार अर्थ नाही, पण दोन टायर शेजारी ठेवून मोजले की काय समजायचं ते समजतं.

चालवताना पण कळत होतंच. कोरड्यात ठीक, पण पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या गिअरमधे वळणातून बाहेर येताना जरा अ‍ॅक्सिलरेटर दिला की ट्रॅक्शनचा दिवा (चाक घसरतंय हे सांगणारा) लुकलुकायचा, आणि मागचा भाग हळूहळू सरकण्याऐवजी एकदम सटकायचा. ब्रेकमधे एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लवकर किरकिरायला लागलं होतं, मी मधे पॅड बदलल्यामुळे आधी संशय त्यांच्यावरच गेला. वर मागच्या दोन्ही टायरच्या आतल्या कडा बाहेरच्यापेक्षा जास्त घासलेल्या, ते अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांच्या कोनांचं दुखणं, खाली येतो त्यावर.

आता निवड. पहिला प्रश्न साइजचा, कारण २१५ घाल, भरलेलं दिसतं, असं सांगणारे खूप. मी गणित केलं. २०५/४५ आर१७ चा व्यास ६१६ मिमी येतो, २१५/४५ चा ६२५, म्हणजे दीड टक्का मोठा, स्पीडोमीटरच्या १०० ला खरं तर १०१.५ आणि गिअरिंग तेवढंच लांब. २१५/४० घेतला तर ६०४, दोन टक्के लहान. दोन्हीत गाडी बिघडत नाही, पण मिळतं काय? एमएक्स-५ चं एक चाक चालकासकट साधारण २७०-२८० किलो उचलतं, दरवाजाच्या स्टिकरवर हवा २९ पीएसआय म्हणजे २०० किलोपास्कल, वजनाला दाबाने भागलं की रस्त्याला टेकणारं रबर १३०-१४० चौरस सेंटिमीटर निघतं. साइडवॉलचा ताठपणा धरला तर थोडं इकडेतिकडे, पण अंदाज चुकत नाही. टायर रुंद केला आणि हवा तीच ठेवली तर हे क्षेत्रफळ फारसं वाढतच नाही, फक्त आकार बदलतो, लांबट होता तो आडवा होतो. कोरड्यात वळताना त्याचा फायदा आहे, पण साचलेल्या पाण्यात रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि गाडी लवकर तरंगायला लागते. एवढ्या हलक्या गाडीला ते नको. साइज जशीच्या तशी ठेवली, विषय संपला.

दुसरा प्रश्न, आणि इथे माझे सगळ्यात जास्त दिवस गेले, की कुठल्या जातीचा टायर. एका टोकाला टोयो आर८८८आर सारखे, रस्त्यावर चालवायची परवानगी असलेले पण मुळात ट्रॅकचे, ट्रेडवेअर (टायर किती टिकेल त्याचा आकडा, कमी असेल तर टायर लवकर झिजतो) १००. मग ट्रेडवेअर २०० वाली मंडळी, ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस, योकोहामा अ‍ॅडव्हान निओव्हा एडी०९ वगैरे. मग रोजच्या रस्त्याचे स्पोर्ट टायर, मिशलिन पायलट स्पोर्ट ५, गुडइयर ईगल एफ१ असिमेट्रिक ६ आणि त्यांचे भाऊबंद. शेवटी साधे टूरिंग टायर.

ट्रेडवेअरच्या आकड्याबद्दल जरा बोलतो कारण लोक त्याच्यावरून भांडतात. तो अमेरिकेच्या यूटीक्यूजी पद्धतीतला आकडा, टेक्सासमधे ठरलेल्या रस्त्यावर गाड्यांचा ताफा फिरवून संदर्भ टायरशी तुलना करतात, पण शेवटचा आकडा कंपनी स्वतः देते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमधे तुलना चालते, दोन कंपन्यांचे ३०० आणि ३४० समोरासमोर ठेवून निष्कर्ष काढायला गेलात तर फसाल. आणि २०० चे टायर एवढे का आहेत, तर ऑटोक्रॉससारख्या (मोकळ्या जागेत शंकू मांडून वेळेवर गाडी चालवायच्या) स्पर्धांच्या स्ट्रीट क्लासमधे किमान २०० ची अट असते, म्हणून कंपन्या नेमक्या २०० वर येऊन थांबतात, ती टायरची चव नाही, नियमाची पळवाट आहे.

माझं मत असं की रस्त्यावरच्या गाडीसाठी २०० वाले चुकीचे. वाईट नाहीत, चुकीचे. ते रबर गरम झाल्यावर खुलतं आणि सभ्य वेगात, सिग्नल, ट्रॅफिक, मधेच दहा मिनिटं रिकामा रस्ता, असं चालवताना हजार-अकराशे किलोची गाडी त्यांना गरम करूच शकत नाही. म्हणजे पैसे भरून घेतलेली ग्रिप वापरायलाच मिळत नाही, वर सकाळच्या गारव्यात पहिले काही किलोमीटर साध्या स्पोर्ट टायरपेक्षा कमी भरवसा, आवाज जास्त, आणि अर्धे घासले की खोल पाण्यात काळजी. समजा गरम झालेच, तर त्यांची मर्यादा एवढी वर आहे की ती जाणवायला लागेपर्यंत तुम्ही लायसन्स जाईल अशा वेगात असता. एमएक्स-५ ची मजा कमी वेगात टायर बोलायला लागतो त्यात आहे. टोयोटाने २०१२ मधे जीटी८६ काढली तेव्हा मुद्दाम २१५/४५ आर१७ चे मिशलिन प्रायमसी एचपी घातले होते, अगदी प्रियसवाले टायर म्हणून लोकांनी टिंगल केली, पण ती गाडी सरकायला लागली की हळूहळू सरकते, कळवून सरकते, ते बरंचसं त्या टायरांमुळे. मी तेवढ्या टोकाला जाणार नव्हतो, टूरिंग टायरवर स्टिअरिंगचं पहिलं उत्तर उशिरा येतं आणि ते मला डाचतं. पण दिशा तीच पकडली.

मग यादीत उरले पायलट स्पोर्ट ५ आणि असिमेट्रिक ६. युरोपियन लेबलवर ओल्या ग्रिपचा ग्रेड बघा, ए ते ई असतो आणि रस्त्यावरच्या माणसाला सगळ्यात उपयोगी आकडा तोच, मात्र तो सरळ रेषेत ब्रेक लावून मोजलेला असतो, नव्या टायरवर, त्यामुळे वळणात आणि झिजल्यावर काय होईल ते त्यातून कळत नाही. दोन्ही टायर ह्या साइजमधे ८८ लोड इंडेक्सचे (एक टायर किती भार पेलतो त्याचा आकडा), एक्सएल म्हणजे जादा भारासाठी बांधलेले. माझ्या गाडीची मूळ गरज ८४ म्हणजे ५०० किलो, ८८ म्हणजे ५६०. भार उचलायला जास्तच आहे, पण हलक्या गाडीसाठी एक्सएल टायर बऱ्याचदा ताठ लागतो, कारण त्याचा सांगाडा जड गाडीच्या हिशोबाने बांधलेला. दोन्ही एक्सएल म्हणजे तिथे निवडीला वाव नव्हता. वेगाचं रेटिंग मूळ डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किमी, गाडीला तेवढं कधीच लागत नाही, तरी खाली उतरलो नाही, बऱ्याच ठिकाणी तपासणीत किंवा विम्याच्या वेळी ते नडू शकतं.

शेवटी पायलट स्पोर्ट ५ घेतला. कारण फार शास्त्रीय नाही, आतल्या बाजूला पाण्यासाठी मोठ्या खाचा आणि बाहेरच्या खांद्यावर सलग ठोकळे ही रचना मला पटली आणि चारही टायर जवळजवळ एकाच आठवड्यातले मिळाले, हे दुसरं कारण मला पहिल्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. घेताना चारही डॉट कोड स्वतः वाचा, बिलावर नाही, रबरावर.

बसवताना दुकानात उभा होतो ते बरं झालं. पायलट स्पोर्ट ५ ची नक्षी आतून-बाहेरून वेगळी आहे, साइडवॉलवर आउटसाइड लिहिलेली बाजू बाहेर यायला पाहिजे, पोराने एक टायर उलटा चढवला होता, बॅलन्सिंगला लावायच्या आधी दाखवून दिलं, त्याने काही न बोलता उतरवून परत घातला. पिवळा ठिपका म्हणजे टायरचा सगळ्यात हलका भाग, तो व्हॉल्व्हसमोर आणला की वजनं कमी लावावी लागतात, एका चाकाला तसं न करता पहिल्यांदा लावलं तर शिशाची लांब पट्टी मागितली मशीनने, टायर फिरवून घेतला तर अर्ध्यावर आली. व्हॉल्व्ह चारही नवीन. नट एअर गनने फक्त टेकवायला लावले आणि टॉर्क पाना घरचा नेला होता, मॅन्युअलप्रमाणे चांदणीच्या क्रमाने आवळले.

मग लगेच अलाइनमेंट. आतल्या कडा घासल्या त्याचा दोष लोक कॅम्बरला (समोरून बघितलं तर चाक आत-बाहेर किती कललंय) देतात, पण एक-दीड अंशाच्या निगेटिव्ह कॅम्बरने टायर एवढा खात नाही, टो (वरून बघितलं तर चाक सरळ न राहता आत-बाहेर किती वळलंय) बिघडला की खातो. तेच निघालं, मागच्या एका चाकाचा टो बाहेर गेलेला. तो सारखा करून घेतला, कॅम्बर दोन्हीकडे समान केला, आकड्यांचा कागद फाइलला लावलाय.

चालवून काय वाटलं. सुरुवातीचे काही किलोमीटर नवा टायर जरा गुळगुळीत असतो, साच्यातून सुटायला लावलेलं रसायन पृष्ठभागावर असतं, तेव्हा दोन-अडीचशे किलोमीटर शांतपणे चालवा. त्यानंतर ओल्या रस्त्यावर तेच दुसऱ्या गिअरचं वळण, दिवा पेटला नाही, आणि जरा जास्त दिल्यावर पेटला तेव्हा मागचा भाग आधी बसला, मग थोडा सरकला, हाताला सांगून सरकला. एवढंच हवं होतं. एबीएस पण गप्प, म्हणजे पॅड निर्दोष सुटले. उणं काय, तर स्टिअरिंग मधल्या जागेवर पूर्वीपेक्षा किंचित निवांत झालंय, पहिला अंश-दोन अंश वळवल्यावर नक्षीचे नवे उंच ठोकळे आधी वाकतात मग गाडी वळते. मिलिमीटरभर घासले की ते कमी होतं, वाट बघतोय.

हवेचा प्रयोग चालू आहे. थंड टायरला २९ ठेवून निघालो तर जोरात चालवल्यावर ३२ दिसतात, म्हणजे फार तापत नाहीयेत. ३१ करून बघितलं, खडबडीत रस्त्यावर गाडी उड्या मारायला लागली, परत २९. एक्सएल आहे म्हणून हवा जास्त भरा असं दुकानात सांगतील, पण त्याच दाबाला एक्सएल साधारण साध्या टायरएवढाच भार पेलतो आणि आपल्या गाडीचा भार त्याच्या बराच खाली आहे, त्यामुळे स्टिकरवरचा आकडा चालतो. २७-२८ ला ओल्यात कसं वाटतं ते बघायचं राहिलंय, स्टिअरिंग अजून ढिलं होईल असा अंदाज आहे. पुढच्या नोंदीत ते, आणि आतल्या-बाहेरच्या कडांची गेजची मापं, टो खरंच बरोबर बसलाय का ते त्यावरून कळेल.